परमुलखातील न्याहारी

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शिकून मोठे व्हाल, कामाधंद्याला लागाल. तुमच्यापैकी काहीजण नोकरीसाठी परदेशी जातील, काहीजण व्यापारासाठी जातील, तर काहीजण नुसते पाहण्यासाठी जातील. तिथल्या उंच इमारती, मशिदी, बाजार तुम्ही पाहाल. पण मी तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. त्या देशात सकाळी उठल्यावर तुम्ही काय खाल?

प्रश्न क्षुल्लक वाटतो ना? मला तो तसा वाटत नाही. माझे मत असे आहे की, एखाद्या देशाची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर तिथली न्याहारी तिथल्या लोकांच्या शेजारी बसून करावी. मेजवानीचे जेवण पाहुण्यांसाठी सजवलेले असते. सकाळचे खाणे मात्र माणूस स्वतःसाठी खातो. त्यात दिखाऊपणा नसतो. म्हणूनच ते खरे बोलते.

हे मत मला पुस्तकात सापडलेले नाही. ते माझ्या एका चुकीतून तयार झाले आहे. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कोकणातून आलेला एक मुलगा होता. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या मांदेलीची चटणी होती. मासळीचा वास वर्गभर पसरला. शेजारच्या मुलांनी नाके दाबली. कोणी तरी "शी!" म्हणाले. मी मराठवाड्यातला. समुद्र मी नोकरी लागल्यावर प्रथम पाहिला. आमच्या घरी सुकी मासळी कधी शिजली नव्हती. खरे तर मी त्या हसणाऱ्या मुलांना गप्प करायला हवे होते. ते न करता मी डबेवाल्या मुलालाच म्हणालो, "उद्यापासून हे आणत जाऊ नकोस." त्याने मान खाली घातली आणि डबा बंद केला. दुसऱ्या दिवसापासून तो पाव-बिस्किटे आणू लागला. मला वाटले, बरे झाले, प्रश्न मिटला.

पुढे दोन वर्षांनी मे महिन्याच्या सुट्टीत मी मलेशियाला गेलो. माझा चुलतभाऊ क्वालालंपूर शहरात नोकरी करतो. त्याने आग्रहाने बोलावले होते. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि मुरंबा आणला आणि खोलीत बसून खाल्ला. परक्या देशात पोट बिघडेल, काही नको ते खाल्ले जाईल, अशी मला भीती वाटत होती. ते पाहून भाऊ हसला. म्हणाला, "भाईजान, डबलरोटीच खायची होती तर इतक्या लांब कशाला आलात? चला माझ्याबरोबर."

मलेशियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे सूर्य साधारणपणे सातच्या सुमारास उगवतो. त्यामुळे फजरची नमाज आटोपून आम्ही बाहेर पडलो तेव्हा अजून अंधारच होता. त्या अंधारात रस्त्याच्या कडेला दिवे लागले होते. दिव्याखाली एक बाई टेबल मांडून बसल्या होत्या. टेबलावर केळीच्या पानांत बांधलेल्या पुड्यांची रास होती. कामावर निघालेली माणसे मोटारसायकल थांबवत, एक-दोन पुड्या घेत आणि पुढे जात.

त्या पुडीत 'नासी लमाक' होता. मलय भाषेत 'नासी' म्हणजे भात. 'लमाक' म्हणजे स्निग्ध, चरबीयुक्त. तांदूळ नारळाच्या दुधात शिजवतात. त्यात 'पांदान' नावाचे पान टाकतात. हे पान केवड्याच्याच कुळातले आहे. बिर्याणीत केवड्याचा सुगंध तुम्ही घेतला असेल, त्यावरून कल्पना करा. भाताबरोबर लाल मिरचीची गोडसर-तिखट चटणी असते. तिला 'सांबाल' म्हणतात. शिवाय काकडीच्या चकत्या, तळलेले शेंगदाणे, उकडलेले अंडे आणि तळून कुरकुरीत केलेले लहान लहान सुके मासे असतात. या माशांना तिथे 'इकान बिलिस' म्हणतात.

मी पान उलगडले आणि थांबलो. तो वास माझ्या ओळखीचा होता. माझ्या वर्गातल्या त्या डब्याचा वास! नंतर मला कळले की, आपली मांदेली आणि हे मासे एकाच कुळातले आहेत. भाऊ समोर उभा होता, पुडी हातात होती, मागे फिरण्याची सोय नव्हती. मी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग पान स्वच्छ झाले. मित्रांनो, ज्या पदार्थाला लाखो लोक आपल्या देशाची शान मानतात, तोच प्रकार मी एका मुलाला डब्यात आणू दिला नव्हता. तो पदार्थ चांगला लागला याचा मला आनंद झाला आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली.

त्यानंतर उरलेले सगळे दिवस मी सकाळी बाहेर खाल्ले. काय काय खाल्ले आणि त्यातून काय कळले, ते सांगतो.

मलेशियात मुख्यतः तीन समाज शेजारी शेजारी राहतात. मलय लोक तिथले जुने रहिवासी आहेत. चिनी लोकांपैकी बरेचजण कथिलाच्या खाणींवर काम करण्यासाठी आले. आपल्या देशातून, विशेषतः तमिळ मुलखातून, हजारो मजूर इंग्रजांच्या काळात रबराच्या मळ्यांवर नेले गेले. मलाक्का बंदरात तर गुजराती आणि तमिळ व्यापारी त्याच्याही शेकडो वर्षे आधी जात होते. बोर्निओ बेटावरच्या साबा आणि सारावाक या राज्यांत आणखी कितीतरी जमाती आहेत. प्रत्येकाने येताना आपली चूल बरोबर आणली. म्हणून तिथे एकाच रस्त्यावर सकाळी तीन-चार देशांचा नाश्ता मिळतो.

भारतीय मुसलमानांच्या खाणावळींना तिथे 'मामाक' म्हणतात. हा शब्द तमिळमधील 'मामा' या शब्दावरून आला, असे सांगतात. मामा म्हणजे आपलाच मामा, आईचा भाऊ! या खाणावळीत 'रोती चनाई' मिळते. मैद्याचा मऊ गोळा तेल-तूप लावून मुरत ठेवतात. मग कारागीर तो गोळा हातावर घेऊन हवेत फिरवतो. बघता बघता त्याचा रुमालासारखा पातळ पडदा होतो. त्याची घडी घालून तव्यावर भाजतात आणि शेवटी दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखे दाबून पदर मोकळे करतात. सोबत वाटीभर डाळ किंवा माशाचा रस्सा देतात. साधी हवी असेल तर 'रोती कोसोंग' म्हणावे. कोसोंग म्हणजे रिकामी. अंडे घातलेली हवी असेल तर 'रोती तलूर', कांद्याची 'रोती बावांग'. 'चनाई' हा शब्द चेन्नई शहरावरून आला असे काहीजण म्हणतात, तर काहींच्या मते मलय भाषेत चनाई म्हणजे कणीक मळून पातळ करणे. वाद कसाही सुटो, रोती गरम असतानाच खावी!

रोतीबरोबर 'तेह तारीक' हवाच. तेह म्हणजे चहा, तारीक म्हणजे ओढणे. दाट गोड दुधाचा हा चहा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओततात. चहाची धार हातभर लांब ओढली जाते. त्यामुळे चहा पिण्याजोगा निवतो आणि वर फेस येतो. हा चहा फार गोड असतो. साखर कमी हवी असेल तर 'कुरांग मानिस' म्हणजे 'गोड कमी' असे आधीच सांगावे.

चिनी लोकांच्या जुन्या चहा-कॉफीच्या दुकानाला 'कोपितियाम' म्हणतात. कोपी हा कॉफीसाठी मलय शब्द आणि तियाम हा दुकानासाठी चिनी शब्द. दोन भाषांनी मिळून एक शब्द तयार केला. संगमरवरी टेबले आणि लाकडी खुर्च्या पाहून मला मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांची आठवण झाली. चीनच्या हैनान बेटावरून आलेले बरेच लोक इंग्रजांच्या घरी आचारी होते. पुढे त्यांनी अशी दुकाने काढली. तिथे भाजलेल्या पावावर लोणी आणि 'काया' लावून देतात. काया म्हणजे नारळाचे दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला मुरंबा. बरोबर अर्धवट उकडलेली दोन अंडी असतात.

देशाच्या पूर्व किनाऱ्यावर आणखी वेगळी गंमत आहे. कलांतान राज्यात 'नासी कराबू' खातात. या भाताचा रंग चक्क निळा असतो! हा रंग कोणत्याही कारखान्यातला नाही. आपल्या अंगणातल्या गोकर्णीच्या निळ्या फुलांचा तो रंग आहे. त्याबरोबर बारीक चिरलेला कच्चा पाला, भाजलेले खोबरे आणि मासे असतात. शेजारच्या तरंगानू राज्यात 'नासी दागांग' खातात. दागांग म्हणजे व्यापार. नारळाच्या दुधातल्या या भातात मेथीदाणे घालतात आणि बरोबर कुपा माशाचे कालवण असते. आपल्याकडे ईदच्या सकाळी शीरखुर्मा असतो, तसा तरंगानूत अनेक घरी ईदच्या सकाळी नासी दागांग असतो. ईद एकच, पण ताटे दोन!

तमिळ लोकांच्या दुकानात इडली, डोसा आणि 'पुतु मायाम' मिळतो. तांदळाच्या उकडीच्या बारीक शेवया पाडून वाफवतात आणि ओले खोबरे व ताडगुळाबरोबर खातात. मी परत आल्यावर हे वर्णन शाळेत केले, तेव्हा कोकणातली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, या तर आमच्या शिरवळ्या! आम्ही त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातो." मी इतकी वर्षे महाराष्ट्रात राहून शिरवळ्या खाल्ल्या नव्हत्या. त्यांची ओळख मला मलेशियातून झाली!

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. "सर, सगळेच कसे खाता येईल? आपल्याला हलाल-हराम पाहावे लागते." शंका योग्य आहे. मलेशियात मुसलमान बहुसंख्य आहेत आणि सरकारी खात्याने दिलेले हलालचे चिन्ह अनेक दुकानांत लावलेले असते. पण प्रत्येक दुकान तसे नसते. अनेक चिनी दुकानांत डुकराचे मांस शिजते. म्हणून आत जाण्यापूर्वी चिन्ह पाहावे, नसेल तर सरळ विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. शाकाहारी माणसानेही विचारावे, कारण सांबालमध्ये बहुधा मासे किंवा कोळंबी वाटलेली असते.

पण मित्रांनो, न खाणे वेगळे आणि नाक मुरडणे वेगळे. क्लांग नावाच्या शहरात चिनी लोक सकाळी 'बाक कुत तेह' खातात. डुकराच्या फासळ्या औषधी मुळ्यांबरोबर उकळून केलेला हा रस्सा आहे. तो माझ्यासाठी नाही. मी तो खाणार नाही. मात्र कष्टकऱ्यांचे पोट भरणारे ते अन्न आहे, हे मी मान्य करतो. मलेशियाच्या सरकारने २०२४ मध्ये हा पदार्थ राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतला, तेव्हा काही लोकांनी नाराजी दाखवली. मला वाटते, यादीत नाव आल्याने कोणाच्या ताटात तो पदार्थ येऊन पडत नाही. दुसऱ्याच्या ताटाला मान दिल्याने आपले ताट बाटत नाही. आपण काय खात नाही, हे सौम्य शब्दांत सांगावे. दुसरा काय खातो, यावर मात्र हसू नये.

दुसरी शंका पोटाची. परदेशात आजारी पडलो तर? त्यालाही उपाय आहे. जिथे गर्दी असते तिथे खावे, कारण तिथले अन्न ताजे असते. डोळ्यांदेखत तव्यावरून उतरलेले गरम खावे. पहिल्या दिवशी थोडेच खावे. नासी लमाक आणि रोती चनाई हे जड पदार्थ आहेत. रोज दोन्ही खाल्ले तर कोणाचीही प्रकृती बिघडेल. मी चव घ्या म्हणतो, अधाशीपणा करा म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिथल्या दुकानांत नात्याने हाक मारतात. वाढणाऱ्या तरुणाला 'आबांग' म्हणजे दादा म्हणतात, बाईला 'काक' म्हणजे ताई, वयस्क बाईला 'माक चिक' म्हणजे मावशी. सकाळी भेटल्यावर 'सलामात पागी' म्हणतात. यातला 'सलामात' तुमच्या ओळखीचा आहे ना? तो आपला 'सलामत'च आहे. 'रिज़्क' या शब्दाला ते 'रज़की' म्हणतात, 'वक़्त'ला 'वाक्तू' म्हणतात. उर्दू शिकलेल्या मुलाला त्या देशात पूर्ण परके वाटणार नाही. आपण ओळखीच्या माणसाला "चहा झाला का?" असे विचारतो. तेही विचारतात, "सुदाह माकान?" म्हणजे, "खाल्लेत का?" माणसे सगळीकडे सारखीच.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्को या जागतिक संस्थेने मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात नासी लमाक, रोती चनाई आणि तेह तारीक यांचा उल्लेख आहे. लक्षात घ्या, हा मान केवळ पदार्थांना मिळालेला नाही. निरनिराळ्या वंशांची आणि धर्मांची माणसे सकाळी एकत्र बसून खातात, त्या रीतीला तो मिळाला आहे. त्या समाजांत मतभेद नाहीत असे नाही. कोणत्या देशात नसतात? पण सकाळी एका टेबलावर बसणारी माणसे एकमेकांना निदान ओळखतात. ज्याला आपण ओळखतो, त्याच्याविषयी वाईटसाईट ऐकले तर आपण लगेच विश्वास ठेवत नाही. न्याहारीचा हा फायदा कोणत्याही वैद्याच्या पुस्तकात लिहिलेला नसेल, पण तो फार मोठा आहे.

मी सुट्टीनंतर शाळेत परतलो, तेव्हा तो कोकणातला मुलगा दहावी पास होऊन गेला होता. त्याची माफी मागायची राहून गेली. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. कोणाच्याही डब्याला "शी" म्हणायचे नाही. खायचे नसेल तर "नको, शुक्रिया" म्हणावे आणि आपला डबा खावा. नियम साधा आहे. तरी सुरुवातीला तो पाळणे मुलांना जड गेले.

मित्रांनो, मलेशियाला जाण्याचा योग तुमच्यापैकी किती जणांना येईल, हे मी सांगू शकत नाही. आला तर सकाळी खोलीत पाव खात बसू नका. रस्त्यावर या, पुडी उलगडा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. आणि योग आला नाही तरी काही बिघडत नाही. तुमच्या बाकावर शेजारी जो मुलगा बसतो, त्याच्या डब्यात आज काय आहे, ते तुम्हांला माहीत आहे का? प्रवासाची सुरुवात तिथूनच करा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'नासी लमाक' कशात शिजवतात?
(आ) 'नासी कराबू'ला निळा रंग कशामुळे येतो?
(इ) 'कोपितियाम' हा शब्द कोणत्या दोन शब्दांपासून तयार झाला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या हातून कोणती चूक झाली? त्याला ती केव्हा समजली?
(आ) "न खाणे वेगळे आणि नाक मुरडणे वेगळे," असे लेखक का म्हणतो?
(इ) सकाळी एकत्र बसून खाण्याचा कोणता फायदा लेखकाने सांगितला आहे? तुम्हांला तो पटतो का?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
मान खाली घालणे, नाक मुरडणे, योग येणे, राहून जाणे.

उपक्रम : तुमच्या वर्गातील पाच मित्रांच्या घरी सकाळी काय खातात, ते विचारा. त्यांपैकी एका पदार्थाची कृती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.